शेवाळातून डिझेल नको, खत काढा

नागपुरात रामदासपेठेच्या कडेने वाहणाऱ्या नाग नदीत सांडपाण्याबरोबर नत्र आणि स्फुरदही वाहून जातं. तीच द्रव्यं शेतकरी पोत्यांनी विकत घेतो. सूक्ष्म शेवाळ ती पाण्यातून वेचून घेतं. विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात दाखवून दिलं, की उथळ तळ्यात शेवाळ उन्हाच्या बळावर प्राणवायू सोडतं आणि त्यावर जिवाणू घाण कुजवतात. हवा फुंकणाऱ्या यंत्रांची वीज वाचते. आणि विदर्भात ऊन तर मुबलक!

अडचण आहे काढणीची. लिटरभर हिरव्या पाण्यात सुकं शेवाळ जेमतेम अर्धा ग्रॅम. ते गाळून, सुकवून तेल काढणं परवडत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: डिझेलचा हट्ट सोडा, ओला लगदा बायोगॅसला द्या, उरलेली मळी खताला. जड धातूंची भीती रास्तच, म्हणून कारखान्यांचं पाणी वेगळं ठेवायचं, खत तपासूनच विकायचं आणि चाऱ्यात हे शेवाळ नाहीच. फूटभर खोल तळ्यांना रामदासपेठेत जागा नाही, हेही खरं. पण भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्रापर्यंत जातं, मग शहराबाहेरच्या तळ्यांपर्यंत का जाऊ नये? ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था शहरातच आहे. निदान एक चाचणी-तळं तरी व्हायला हवं.