सौरपंपाची निगा : शेतकऱ्यांच्या मुलांस एक नवा धंदा

गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रांतील अनेक विहिरींच्या कडेला सौर पॅनेलांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. केंद्र सरकारनें २०१९ सालीं 'कुसुम' योजना काढली व महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना जाहीर केली. तींत सर्वसाधारण शेतकऱ्यानें किंमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें ५ टक्के रक्कम भरावयाची असते. अडीच एकरांपर्यंत ३, पांच एकरांपर्यंत ५ व त्याहून अधिक जमिनीस साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. विंचूकिरडाच्या भीतींत रात्रीं पाणी धरण्यास जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांस दिवसा मिळणाऱ्या पाण्याचें मोल आम्हीं सांगावयास नको.

परंतु पंप बसला म्हणजे काम संपलें, असा जो समज पसरला आहे, तो घातुक आहे. पुरवठादारानें पांच वर्षांपर्यंत दुरुस्ती करून द्यावी, अशी अट आहे. पॅनेलांचें आयुष्य मात्र सुमारें पंचवीस वर्षांचें धरतात. मग पुढील वीस वर्षें या यंत्राचा वाली कोण? ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळीं पंप बंद पडला आणि शहराहून माणूस येण्यास आठ दिवस लागले, तर सवलतींत मिळालेला पंपही फार महाग पडेल. हीच अडचण आमच्या तरुणांस उद्योगाची वाट दाखविणारी आहे, असें आम्हांस वाटतें.

हें काम कसलें, तें थोडक्यांत सांगतों. पॅनेलांवर धूळ किंवा पक्ष्यांची विष्ठा सांचली कीं वीज कमी होते. म्हणून तीं सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं साध्या पाण्यानें धुवावीं. तापलेल्या कांचेवर गार पाणी ओतल्यास ती तडकण्याचा संभव असतो. पॅनेलांचें तोंड दक्षिणेकडे असावें व बांधावरील बाभळीची सावली त्यांवर पडूं देऊं नये. एकावर सावली आली तरी त्याच्याशीं जोडलेल्या साऱ्या रांगेची वीज घटते. एवढें घरचा मनुष्य करूं शकेल. तारांचे सांधे तपासणें, अर्थिंग पाहणें, कंट्रोलरनें दाखविलेला दोष ओळखणें, विहिरींतील मोटार वर काढणें, हें मात्र शिकलेल्या हाताचें काम आहे. ऊन आहे तोंपर्यंत पॅनेलांतून वीज येतच राहते, व ती एकदिश असल्यानें सुटलेल्या सांध्यावर उडालेली ठिणगी सहजासहजीं विझत नाहीं. नुसतें पाहून शिकलेल्यानें पेटींत हात घालूं नये.

शिक्षणाची सोय झालेली आहे. २०१५ सालीं केंद्र सरकारनें 'सूर्यमित्र' हा ६०० तासांचा अभ्यासक्रम सुरू केला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांतही सौर तंत्रज्ञाचा एक वर्षाचा ट्रेड आहे व तो दहावी उत्तीर्ण मुलास घेतां येतो. एका गांवच्या पंपांवर वर्षभर पोट चालेल, असें आम्ही म्हणत नाहीं. पूर्वीं नांगर, मोट दुरुस्त ठेवण्याबद्दल सुतार-लोहारांस सुगीच्या वेळीं बलुतें मिळे. त्याच धर्तीवर, परंतु लेखी करारानें व रोख दरानें, तीन-चार गांवांनीं मिळून एक कारागीर बांधून घ्यावा. पंपाच्या जोडीला घरांवरील पॅनेलें, मोटारी व ठिबक संचांची दुरुस्ती त्यानें केली, तर धंदा उभा राहील.

दुसरें क्षेत्र सौर प्रकल्पांचें. २०१७ सालीं सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी' योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या आवृत्तींत जमिनीस दर हेक्टरीं सालिना १,२५,००० रुपये भाडें व त्यांत दरसाल ३ टक्के वाढ ठरविण्यांत आली. येथेंही राखण, गवतकापणी व धुलाईस माणसें लागतात. पिकाऊ जमीन मात्र कोणी देऊं नये. पडीक माळ द्यावा, आणि गांवच्या मुलांस काम मिळावें असें करारापूर्वींच बोलून घ्यावें.

शेवटीं दोन इशारे. सूर्य फुकट असला तरी विहिरीचें पाणी फुकट नाहीं. दिवसभर उपसा केल्यास शेजाऱ्यासह आपलीही विहीर कोरडी पडेल. तसेंच या योजनांच्या नांवानें पैसे उकळणारीं बनावट संकेतस्थळें निघालेलीं आहेत. खात्री केल्यावांचून कोणीही रक्कम भरूं नये. आपल्या सोसायटीच्या पुढील सभेंत सभासदांनीं गांवचे पंप मोजावेत व एक होतकरू मुलगा या शिक्षणास धाडण्याचा ठराव करावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.