सडा, खाडी, पुन्हा सडा

समुद्राकाठचा रस्ता म्हटला की डोळ्यांपुढे काय येतं? एका हाताला लाटा, दुसऱ्या हाताला माड आणि मधून सरळसोट, सपाट डांबरी रस्ता. दाभोळपासून विजयदुर्गापर्यंतच्या किनाऱ्याने सायकल घेऊन निघालात, तर ही समजूत पहिल्या तासाभरातच पुसली जाते. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या पठारावर, असेपर्यंत रस्ता खरंच सपाट असतो, पाय नुसते फिरत राहतात. मग एकाएकी कड येते. रस्ता वळणं घेत घाटीने खाली उतरतो, पोफळीच्या बागांमधून खाडीवर जातो, पलीकडे तितकाच ताठ चढतो आणि वर पुन्हा सडा! गावं बदलतात, खाडीचं नाव बदलतं, पण क्रम तोच. हा क्रम लावला कुणी?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्याचा झाला काळा कातळ. पुढे उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं या कातळात पाऊस मुरत राहिला. पाण्याने कातळातली सिलिका, कॅल्शियम, सोडियम हळूहळू विरघळवून नेलं. मागे उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम, आणि त्यातलं लोह अक्षरशः गंजलं. घाटी खोदताना उघड्या पडलेल्या दरडीजवळ सायकल थांबवा आणि हात लावून पाहा: तांबडा, भोकाभोकांचा, खरखरीत दगड. हाच जांभा. चिरेखाणीतून ताजा काढलेला चिरा सहज तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. उघड्यावर पडून टणक होणारा दगड!

आता सड्याचा सपाटपणा उलगडतो. वरचं हे लोहाचं कवच सहजी झिजत नाही, म्हणून माथा टेबलासारखा टिकून राहतो. पाण्याला वाट सापडते ती जिथे नदीने हे कवच भेदलंय तिथे. खाली मऊ थर मिळाला की नदी झपाट्याने खोल जाते. म्हणून माथ्यावर उतार जवळजवळ नाहीच आणि कडेला मात्र सगळा एकदम!

पण दरी नदीने कापली, तर तिथे समुद्र कसा शिरला? वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचं पुष्कळसं पाणी उत्तरेकडच्या प्रचंड हिमस्तरांत अडकलं होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. कोकणचा किनारा तेव्हा दूर पश्चिमेला होता. नद्या त्या खालच्या समुद्राकडे धावताना आपलं पात्र आणखी खोल कापत गेल्या. मग बर्फ वितळला, समुद्र चढला आणि या दऱ्यांमध्ये आत आत घुसला. वाशिष्ठी नदीत भरतीचं पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढतं ते यामुळेच. खाडी म्हणजे बुडालेली दरी. तिच्या काठी उभे असता तेव्हा तुम्ही दरीच्या तळाशी नसताच, तळ पाण्याखाली आणखी खोल असतो. समुद्राने तुमचा बराच चढ वाचवला आहे!

उरलेला चढ मात्र पायांनी चढायचा. त्याचा हिशेब करून बघा. तुम्ही, सायकल, सामान, पाणी मिळून ९० किलो धरू. सपाट सड्यावर हळू जाताना चाकांना पुढे ढकलायला अर्धा किलो वजन उचलण्याइतका जोर पुरतो. शंभर मीटरमागे आठ मीटर चढणारी घाटी लागली, की हाच जोर साडेसात किलोंच्या वर जातो. म्हणजे पंधरापटीहून जास्त! एवढा जोर माणसाच्या मांड्यांत येतो कुठून?

आणायची गरजच नसते, ही गिअरची किमया. चढायचं काम तेवढंच राहतं, गिअर फक्त एकरकमी वसुलीचे हप्ते पाडून देतो. दूधवाल्याच्या साध्या सायकलचं पायडल एकदा फिरलं की चाक पाच मीटर पुढे जातं. या घाटीत त्यासाठी पायडलवर सरासरी ३६ किलोंचा दाब लागेल. प्रवासी सायकलच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये, म्हणजे पुढे २२ आणि मागे ३४ दाते असताना, एका फेरीत चाक जेमतेम सव्वा ते दीड मीटर सरकतं. दाब उतरतो दहा किलोंवर. वेग राहतो ताशी पाच किलोमीटर, चालण्याइतकाच, पण सामानासकट तुम्ही वर चढत असता.

आणि याला इंधन किती? १२० मीटर उंचीच्या सड्यावर हे ९० किलो चढवायला लागणारी ऊर्जा येते सुमारे २५ किलोकॅलरी. आपलं शरीर अन्नातल्या ऊर्जेच्या जेमतेम पाव हिश्शाचं काम करतं, बाकीची उष्णता होते (घाटीत घाम का फुटतो ते आलं ना लक्षात!). म्हणजे अन्न हवं शंभर किलोकॅलरींचं. एका मध्यम केळ्यात साधारण तेवढ्याच असतात. एक केळं, एक सडा!

पाणी मात्र माथ्यावर शोधू नका. भोकाभोकांच्या जांभ्यातून पाऊस खाली मुरतो आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. म्हणून वाड्या, विहिरी, माड-पोफळी सगळं खाली, आणि वर उघडा कातळ. बाटल्या घाटी चढण्याआधीच भरून घ्यायच्या. त्या उघड्या कातळाचंही एक नवल आहे. पूर्णगडच्या दक्षिणेला कशेळीच्या सड्यावर प्राचीन माणसांनी सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरला आहे. ज्या टणक कवचाने सडा सपाट ठेवला, त्याच कवचाने अशी कातळशिल्पं जपली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली.

वारासुद्धा या भूगोलाचाच भाग. दुपारी जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. कोरड्या दिवसांत इथे ते बहुतेक वायव्येकडून येतात. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालात, तर ऐन थकव्याच्या वेळी वारा पाठीशी असतो. काही खाड्यांवर अजून फेरीबोटीच चालतात. दाभोळहून धोपावेला सायकलसकट काही मिनिटांत उतरता येतं. तेच अंतर खाडीला वळसा घालून चिपळूणवरून कापलं तर शंभरावर किलोमीटर पडतील!

मग एक दिवस किनारा सोडून सावंतवाडीकडून आत वळा. समोर सह्याद्रीची भिंत. आंबोली इथून सुमारे सहाशे मीटर वर, म्हणजे पाचेक केळ्यांवर आहे. घाटमाथ्यावर पोहोचलात की जलविभाजक ओलांडलात. पूर्वेकडे पडलेला पाऊस हिरण्यकेशीतून घटप्रभेत, तिथून कृष्णेत आणि सगळं द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेकडचा पाऊस एवढीच उंची उतरून काही डझन किलोमीटरांतच अरबी समुद्र गाठतो. देशातल्या सर्वांत मुसळधार पावसांपैकी एक, इतका ताठ उतार आणि इतकं कमी अंतर! अशा नद्या लाव्ह्याचे थर आणि वरचं कवच भेदून खोल दऱ्या कापणार नाहीत तर काय? खाली किनाऱ्यावर ज्या घाट्यांनी तुमची केळी संपवली, त्यांचं मूळ या माथ्यावर आहे. मोटारीतून जाताना हा संबंध सुटून जातो. सायकलवर मात्र प्रत्येक मीटर मांड्या मोजून देतात, आणि कोकण कसं घडलं हे सर्वांत आधी त्यांनाच कळतं.