निळा रंग जाण्याआधी

रत्नागिरीतल्या मांडवीच्या जेटीवरून बाटलीत भरलेल्या पाण्यात माशांना पुरेल इतका ऑक्सिजन विरघळला आहे का, हे मोजण्याची सर्वांत विश्वासाची पद्धत बुडापेस्टच्या लायोश विंक्लर यांनी 1888 साली दिली. मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातले की ऑक्सिजन मँगनीजच्या तपकिरी साक्यात अडकतो. आम्ल ओतल्यावर तितक्याच प्रमाणात आयोडीन सुटते आणि ते ब्युरेटमधल्या थायोसल्फेटने मोजतात. शेवटी दर्शक म्हणून घातलेल्या स्टार्चचा निळा रंग नाहीसा होतो. तो क्षण इतका ठळक असतो, की सारी अचूकता दर्शकातच आहे असे वाटावे. प्रत्यक्षात ती आधीच ठरलेली असते, आणि ठरवतो तो अभिक्रियेचा वेग.

आयोडीन आणि थायोसल्फेटची अभिक्रिया जवळजवळ तत्क्षणी होते, म्हणून तिथे दर्शकावर भिस्त ठेवता येते. ऑक्सिजन मात्र साक्याच्या कणांपर्यंत पोहोचावा लागतो. बाटली उलटसुलट करून नीट हलवली नाही, साका बसल्यावर पुन्हा हलवली नाही, तर थोडा ऑक्सिजन निसटतो. निळा रंग तेव्हाही तितक्याच झटकन जातो. आकडा तेवढा कमी येतो. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रयोगात ही संथ गती डोळ्यांना दिसते. पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग रेंगाळतो, म्हणून द्रावण 60 ते 70 अंशांपर्यंत तापवतात. पुढे तयार होणारे मँगनीज आयनच अभिक्रियेला वेग देतात. आयोडीनला मात्र उष्णता नको, ते उडून जाते. स्टार्चही द्रावण फिकट पिवळे झाल्यावरच घालायचा, कारण भरपूर आयोडीन असताना घातला तर ते त्याला धरून राहते आणि सावकाश सुटते. दर्शकाची म्हणून सांगितली जाणारी ही चूकही मुळात वेगाचीच आहे.

अशा चुकीने एखादा थेंब इकडेतिकडे झाला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. 50 मिलिलिटर नमुना आणि 0.01 नॉर्मल थायोसल्फेट घेतले, तर 0.05 मिलिलिटरचा थेंब म्हणजे लिटरमागे 0.08 मिलिग्रॅम ऑक्सिजन. 30 अंशांच्या संपृक्त समुद्रजलात ऑक्सिजन सुमारे 6 मिलिग्रॅम असतो, तिथे ही चूक किरकोळच. पण पावसाळ्यात आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात खालचे ऑक्सिजन कमी असलेले पाणी वर येते. ही टंचाई तीव्र होत असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली ‘नेचर’मध्ये मांडले. अर्धाच मिलिग्रॅम उरला असेल, तर तोच थेंब सोळा टक्क्यांची चूक करतो. आता संवेदक आले आहेत हे खरे, पण त्यांचे आकडे पडताळायलाही विंक्लरचीच पद्धत वापरतात. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात असो वा अन्यत्र, ही पद्धत शिकणाऱ्यांनी ब्युरेटच्या वाचनाशेजारी साका बसायला दिलेला वेळही वहीत लिहावा.