मफलर कुणाचा? बाईकचा की बाबांचा?

चाकणच्या एखाद्या शॉपफ्लोअरवर विचारा, ‘मफलर कुठे बसतो?’ उत्तर येईल, ‘गाडीच्या खाली, साहेब!’ हाच प्रश्न आजीला विचारा, ती थेट तुमच्या कानांकडे बघेल. एक मफलर इंजिनाचा आवाज दाबतो, दुसरा थंडीचा. आज आपला मामला दुसऱ्याचा: एका संध्याकाळीत विणून होणारा पिटुकला स्कार्फ, तोही गिफ्ट म्हणून!

‘आपल्याकडे कसली आलीय थंडी?’ म्हणताय? माहीत आहे का, 17 जानेवारी 1935 रोजी पुण्याचा पारा 1.7 अंशांवर उतरला होता! आणि फर्स्ट शिफ्टची बस गाठायला जो पहाटे निगडीच्या स्टॉपवर उभा असतो, त्याला हे रेकॉर्ड ऐकवायची गरजही नाही.

आता सुया. दुकानात 8 नंबर मागितला की 4 मिलिमीटर जाडीची सुई मिळते. 10 नंबर मागा, मिळेल 3.25 मिलिमीटरची. नंबर चढला की सुई बारीक! हा उलटा कारभार कुणाचा? भोसरीच्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये डोकवा. तिथेही 18 गेजचा पत्रा 16 गेजपेक्षा पातळच असतो. माहीत आहे का, जुन्या ब्रिटिश तारेच्या गेजमध्ये 8 नंबर म्हणजे 4.06 मिलिमीटर आणि 10 नंबर म्हणजे बरोब्बर 3.25! सुया तारेच्याच बनायच्या, म्हणून मापही तारेचंच चिकटलं. म्हणजे आजीची विणकामाची पिशवी आणि वर्कशॉपचं स्टोअर, दोघांचं खानदान एकच.

सुईवर ‘पोनी’ लिहिलंय? फॉरेनचा माल समजून हुरळू नका. ती निलगिरीतली, उटीजवळच्या केट्टीची.

आणि लोकर? इथे खरा ट्विस्ट आहे. पिंपरी कॅम्पात रंगीबेरंगी गोळे ‘लोकर’ म्हणून मिळतात, त्यातल्या बहुतेकांनी मेंढीचं तोंडही पाहिलेलं नसतं. ते असतं ॲक्रिलिक, म्हणजे किमान 85 टक्के ॲक्रिलोनायट्राइल. माहीत आहे का, हेच रसायन आणखी कुठे भेटतं? गाडीच्या ग्रिलच्या आणि डॅशबोर्डच्या एबीएस प्लास्टिकमध्ये! त्यातला ‘ए’ म्हणजे हेच महाशय. थोडक्यात, गळ्यातला स्कार्फ हा कारच्या डॅशबोर्डचा मऊ स्वभावाचा मावसभाऊ. म्हणूनच त्यावर कडक इस्त्री फिरवू नका, बिचारा कायमचा चपटा होईल.

खऱ्या लोकरीची ऐट वेगळीच. ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के पाणी पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मात्र भारी राकट. घोंगडीला एक नंबर, पण गळ्याला? नको रे बाबा!

‘विणकाम आपल्याला जमणार नाही बुवा’ म्हणणाऱ्यांनो, अंगातला टी-शर्ट बघा. विणलेलाच आहे. लाइनवरचे ते पांढरे सुती हँडग्लोव्हज? तेही विणलेलेच! मशीननं विणले, एवढंच.

चला, रेसिपी. 0 नंबरच्या म्हणजे 8 मिलिमीटरच्या सुया, जाड लोकर, 20 टाके. प्रत्येक सुई, म्हणजे प्रत्येक ओळ, सुलट; उलट टाक्याचं नावच नाही. आळस म्हणून नव्हे हं! सगळं सुलट विणलं की कडा गुंडाळत नाहीत. साधारण 150 सुया झाल्या की पाऊण मीटर भरतो. शेवटाला वीतभर उरलं असताना मधले 8 टाके बंद करा आणि पुढच्या सुईला तिथेच 8 नवे घाला. झालं भलंमोठं काजं! दुसरं टोक त्यातून ओवायचं, की गाठ नको, लोंबणंही नको.

लोंबण्याला का घाबरायचं? 14 सप्टेंबर 1927 रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात नर्तकी इसाडोरा डंकनचा लांब स्कार्फ चालत्या मोटारीच्या चाकात अडकला आणि तिचा जीव गेला. टू-व्हीलरवाल्यांना गिफ्ट देताय ना? मग आखूडच बरा.

हिशेब करू. 20 गुणिले 150, म्हणजे 3000 टाके. नेदरलँड्सच्या मिरियम टेगल्स यांनी 2006 मध्ये एका मिनिटात 118 टाके विणून विक्रम केला. त्या वेगानं आपला स्कार्फ 26 मिनिटांत तयार! तुम्ही मिनिटाला 20 टाके विणलेत तर अडीच तास. चाकण चौकातल्या ट्रॅफिकचा मूड खराब असेल, तर कंपनीच्या बसमध्येच उरकेल. हसू नका! अमेरिकेच्या डेव्हिड बॅबकॉक यांनी 2013 मध्ये कॅन्सस सिटी मॅरेथॉन धावता धावता 3.70 मीटरचा स्कार्फ विणला होता. तुम्हाला तर बसायला सीट आहे.

फक्त लोकर मोजून घ्या. 1974 मध्ये ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेच्या वेशभूषाकारानं बेगोनिया पोप या विणणाऱ्या बाईंकडे रंगीत लोकरीचा ढीग दिला, पण लांबी सांगायचं राहून गेलं. बाईंनी सगळाच ढीग विणून टाकला! तो जमिनीपर्यंत लोळणारा स्कार्फ हीच पुढे हीरोची ओळख ठरली. तुमच्या हीरोला मात्र उद्या बाईकवर बसायचंय, तेव्हा शंभर ग्रॅम. बास!