‘मदरबोर्ड गेला’ म्हणण्याआधी

बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो. पण डिस्प्ले येत नाही. अशा वेळी ‘मदरबोर्ड गेला’ हा निकाल फार लवकर लागतो आणि हकनाक हजारो रुपये जातात. खरं तर बिघाड शोधण्याची एक ठरलेली वाट आहे : वीज, मग मेमरी, मग बाकीचं.

आधी मॉनिटरची केबल पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्यालाच हवी, मदरबोर्डच्या पोर्टला नको. मग एसएमपीएस. घरातल्या 230 व्होल्टच्या विजेपासून तो 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे डीसी पुरवठे तयार करतो. पंखा 12 व्होल्टवर चालतो. म्हणून तो फिरला तरी बाकीचे पुरवठे ठीक आहेत असं नाही. मल्टिमीटरवर 12 व्होल्टची वायर 11.4 ते 12.6 च्या दरम्यान दिसायला हवी. मात्र एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट साठलेले असू शकतात.

वीज ठीक असेल, तर रॅम. प्लग काढून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा पांढऱ्या, मऊ खोडरबरानं हलकेच पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक’ वाजेपर्यंत बसवा. पावसाळ्यातल्या दमट हवेनं धरलेला थर एवढ्यानं निघतो आणि बंद पडलेलं मशीन अनेकदा सुरू होतं. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहा. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर दोष कुठे होता ते कळतच नाही.

तारीख-वेळ रोज चुकत असेल, तर सीआर2032 हा तीन व्होल्टचा सेल बदला. मशीन काही मिनिटांनी आपोआप बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरच्या हीटसिंकमधली धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्ट तपासा. एवढं करूनही डिस्प्ले आला नाही, तरच मदरबोर्डवर संशय घ्यावा. कपॅसिटरचे माथे फुगलेले दिसले, तर तो संशय पक्का.

मशीन दुकानात द्यावं लागलंच, तर कोणता भाग गेला आणि तो कसा तपासला, हे विचारा. बदललेला जुना भाग मागून घ्या. चांगला कारागीर या प्रश्नांची उत्तरं आनंदानं देतो.