धक्क्यावरील जहाजांची साहाय्यक वीज : खर्च आणि धूर

जहाज धक्क्याला लागले म्हणजे त्याची सर्व यंत्रे विसावतात, असा समज आढळतो. तो यथार्थ नव्हे. मुख्य एंजिन थांबते हे खरे. परंतु पंप, दिवे, वायुवीजन आणि शीतपेट्या यांना वीज अखंड लागतेच. ही वीज पुरविणाऱ्या जनित्रांना चालविणारी ती साहाय्यक एंजिने होत. किल्लारीच्या परिसरातून समुद्र दूर असला, तरी हा प्रश्न मराठवाड्याला परका नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

उदाहरणादाखल, न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरात एखादे मालपेटीवाहू जहाज २४ तास उभे आहे आणि त्याचा विद्युद्भार १,००० किलोवॅट आहे, असे समजू. एकूण वीज २४,००० युनिटे होईल. युनिटामागे २२० ग्रॅम इंधन धरल्यास सुमारे ५.३ टन इंधन जळेल व त्यापासून जवळजवळ १७ टन कार्बन डायऑक्साइड निघेल. मिनिटास ७२० फेरे घेणाऱ्या एंजिनास, ते २०११ नंतरच्या जहाजावरील असल्यास, आंतरराष्ट्रीय नियमानुसार नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा युनिटामागे सुमारे ९.७ ग्रॅम आहे. म्हणजे दिवसाकाठी २३० किलोंच्या आसपास.

गंधकाचे गणित निराळे आहे. ते एंजिनावर नसून इंधनावर अवलंबून असते. १ जानेवारी २०२० पासून इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. परिणामी वरील उदाहरणात सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण ३७० किलोंवरून सुमारे ५३ किलोंवर येते. युरोपीय संघाने धक्क्यावरील जहाजांसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा २०१० पासूनच लागू केली होती.

याहून मूलगामी उपाय म्हणजे जनित्रे बंद करून जहाजास किनाऱ्यावरून वीज देणे. यात एक तांत्रिक अडचण आहे. भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, तर बहुतेक सागरगामी जहाजांची ६० हर्ट्‌झ असते. त्यामुळे परिवर्तक बसवावा लागतो आणि भांडवली खर्च वाढतो. शिवाय बाष्पित्र विजेवर चालत नसल्यास त्याचा धूर चालूच राहतो.

खर्चाचा निर्णय तुलनेने करावा लागतो. इंधन टनास ६०० डॉलर गृहीत धरल्यास युनिटामागे केवळ इंधनाचाच खर्च १३ सेंटांहून थोडा अधिक येतो. त्यात जनित्राच्या देखभालीचा खर्च मिळवावा. दुसऱ्या बाजूस विजेचा दर, मागणी आकार आणि सामग्रीवरील व्याज-घसारा येतात. यांपैकी स्थिर खर्च वापरलेल्या युनिटांवर विभागला जात असल्याने, जोडणी क्वचितच वापरली गेली तर किनाऱ्यावरील वीज महागच पडेल.

आता मुख्य शंका. भारतीय वीजजालात युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. जहाजावरील जनित्राचा आकडाही जवळजवळ तितकाच आहे. म्हणजे केवळ तार जोडल्याने वातावरणातील कार्बनचा भार कमी होत नाही. बंदरालगतच्या वस्तीला स्वच्छ हवा मिळते, परंतु धूर परळीसारख्या औष्णिक केंद्राकडे सरकू शकतो. अशा केंद्रांस पाणीही लागते. २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले आणि पुढच्याच वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे येथे विसरता येत नाही.

तथापि यावरून ही योजना निरुपयोगी ठरत नाही. उंच धुराड्यातून विरळ वस्तीवर पसरणारा धूर आणि दाट वस्तीलगत जमिनीजवळ साचणारा धूर यांचे आरोग्यावरील परिणाम सारखे नसतात. मात्र बंदराची वीज सौर व पवन स्रोतांतून घेतली, तरच एका ठिकाणचा लाभ दुसऱ्या ठिकाणची हानी ठरणार नाही. म्हणून अशा योजनेचा हिशेब धक्क्यापाशी न थांबविता वीज जेथे निर्माण होते तेथपर्यंत नेणे अवश्य आहे.