विजेवर चालणारी मोटारगाडी : शंका आणि वस्तुस्थिती

विजेवर चालणारी मोटारगाडी ही आता केवळ प्रदर्शनात पाहावयाची वस्तू राहिलेली नाही. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील कारखान्यात तयार होणारी टाटा नेक्सॉन ही गाडी जानेवारी २०२० मध्ये विजेवर चालणाऱ्या स्वरूपात बाजारात आली आणि तेव्हापासून अशा गाड्या जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांतूनही दिसू लागल्या. या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. १ जानेवारी २०२२ पासून शासनाने नव्याने घ्यावयाची वाहने विजेवर चालणारी असावीत, असाही निर्णय घेण्यात आला.

असे असले तरी स्वतःच्या कमाईतून गाडी घ्यावयाची वेळ आली की सर्वसामान्य कुटुंबाचे पाऊल अडखळते. वाटेत वीज संपली तर काय करायचे, बॅटरी किती वर्षे टिकेल, गाडी पेट घेईल काय, पावसात ती सुरक्षित राहील काय, हे प्रश्न सर्वत्र विचारले जातात. हे प्रश्न अज्ञानातून आलेले आहेत असे म्हणून ते बाजूला सारणे योग्य नव्हे. त्यांतील प्रत्येकामागे काही वस्तुस्थिती आहे आणि तिचा हिशेब प्रत्येकाला घरबसल्या मांडता येण्यासारखा आहे.

रचना साधी, भार बॅटरीवर

पेट्रोलच्या गाडीत इंधनाचे ज्वलन होऊन दट्ट्या हलतो आणि ती गती अनेक भागांमधून चाकांपर्यंत पोहोचते. विजेच्या गाडीत बॅटरीतील वीज चलित्राला, म्हणजे इलेक्ट्रिक मोटरला, मिळते आणि चलित्र चाके फिरविते. इंजिन ऑइल, क्लच, सायलेन्सर यांपैकी काहीच तीत नसते. त्यामुळे देखभालीचा खर्च कमी येतो. मात्र गाडीच्या किमतीचा मोठा वाटा एकट्या बॅटरीत गुंतलेला असतो. म्हणून बहुतेक शंकाही बॅटरीभोवतीच फिरतात.

बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासांत सांगितली जाते. एक किलोवॉट-तास म्हणजे वीजबिलावरील एक युनिट होय. २०२० च्या नेक्सॉन गाडीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. अलीकडच्या अनेक गाड्यांत याहून मोठ्या बॅटऱ्या असतात.

वाटेत वीज संपली तर?

सदर गाडी एका चार्जिंगमध्ये ३१२ किलोमीटर धावते, असे प्रमाणपत्र पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेच्या चाचणीनुसार देण्यात आले होते. ही चाचणी ठरावीक वेगाने व ठरावीक परिस्थितीत घेतली जाते. प्रत्यक्ष रस्त्यावर वातानुकूलन, चढण, ओझे आणि वेग यांमुळे हा आकडा कमी होतो. या गाडीच्या बाबतीत दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटर इतकेच अंतर धरून चालणे सुरक्षित ठरते. जाहिरातीतील आकड्याचा दोन-तृतीयांश भाग आपला समजावा, हा ढोबळ नियम बहुतेक गाड्यांना लावता येईल.

वेगाचा परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ताशी १०० किलोमीटरच्या पुढे हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि बॅटरी लवकर उतरते. ७०१ किलोमीटरच्या मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर भरधाव जाणाऱ्या गाडीला याचा अनुभव येतो. घाटाची गोष्ट थोडी वेगळी आहे. खंडाळ्याचा घाट चढताना वीज अधिक लागते, पण उतरताना चलित्रच जनित्राचे काम करते आणि खर्च झालेल्या विजेपैकी काही भाग बॅटरीत परत जमा होतो.

तालुक्याच्या गावी राहून शेजारच्या खेड्यातील शाळेत ये-जा करणाऱ्या शिक्षकाचा रोजचा प्रवास समजा ४० किलोमीटरचा आहे. अशा प्रवासासाठी दोनशे किलोमीटरची मर्यादा मुळीच अडचणीची नाही. वर्षातून दोन-चार वेळा दूरच्या गावी जाताना मात्र वाटेतील थांबे आधी ठरवावे लागतात. या गाडीची बॅटरी जलद चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंत भरण्यास सुमारे एक तास लागतो. राष्ट्रीय स्तरावरील मार्गदर्शक तत्त्वांमध्ये महामार्गांवर ठरावीक अंतराने चार्जिंग केंद्र असावे, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. तथापि सर्वच मार्गांवर ही स्थिती आलेली नाही. मोठ्या मार्गांपासून दूर असलेल्या भागात जाणाऱ्याने वाटेतील केंद्र चालू असल्याची खात्री फोनवरून करून घेणे इष्ट होय.

गाडी रात्री कोठे उभी राहणार?

गाडी किती धावते या प्रश्नापेक्षा ती रात्री कोठे उभी राहते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पेट्रोलची गाडी पंपावर जाऊन भरावी लागते. विजेची गाडी उभी असताना भरली जाते आणि बहुतेक गाड्या दिवसाचे वीस-बावीस तास उभ्याच असतात. घराच्या अंगणात १५ अँपिअरचा प्लग असेल, तर त्यावरून ताशी सुमारे तीन युनिटे वीज गाडीला मिळते. वर उल्लेखिलेल्या शिक्षकाच्या ४० किलोमीटरसाठी सात युनिटे, म्हणजे सव्वादोन ते अडीच तास पुरतात. पूर्ण रिकामी बॅटरी भरण्यास मात्र नऊ ते दहा तास लागतात.

तीन किलोवॉटचा हा भार एखाद्या मोठ्या गिझरपेक्षा अधिक असतो आणि तो सलग काही तास चालू राहतो. म्हणून घरातील जुनी तार, सैल प्लग किंवा एक्स्टेंशन बोर्ड यांवर गाडी चार्ज करणे धोक्याचे आहे. परवानाधारक तारतंत्रीकडून स्वतंत्र तार, योग्य क्षमतेचे एमसीबी आणि अर्थिंग करून घ्यावे. घराचा मंजूर भार पुरेसा नसल्यास तो वाढवून घ्यावा. केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या विद्यमान जोडणीवरून स्वतःचे वाहन चार्ज करण्यास मुभा आहे.

खरी अडचण स्वतःची जागा नसलेल्यांची आहे. चाळीत राहणारे, भाड्याच्या घरात राहणारे, सहकारी गृहनिर्माण संस्थेत वाहनतळ नसलेले आणि गल्लीत गाडी उभी करणारे यांना ही सोय नाही. केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींमध्ये २०१९ साली केलेल्या सुधारणेनुसार नव्या इमारतींतील वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेइतकी चार्जिंग व्यवस्था सुचविण्यात आली आहे. जुन्या इमारतींत हा प्रश्न सभासदांनी सर्वसाधारण सभेत समजुतीने सोडवावा लागेल. स्वतंत्र उपमीटर बसविल्यास एकाच्या गाडीचे बिल दुसऱ्यावर पडण्याची तक्रार उरत नाही.

बॅटरीचे आयुष्य

लिथियम-आयन बॅटरी एके दिवशी अचानक बंद पडते, ही समजूत सामान्यतः खरी नाही. तिची क्षमता वर्षागणिक हळूहळू घटते. कालांतराने दोनशे किलोमीटर धावणारी गाडी पावणेदोनशे किलोमीटर धावू लागते. अनेक गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोवर हमी दिली जाते. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास हमी लागू होईल, हे हमीपत्रात वाचून मगच सही करावी. जुनी गाडी घेणाऱ्याने तर बॅटरीच्या स्थितीचा दाखला मागूनच किंमत ठरवावी.

उष्णता ही बॅटरीची मोठी वैरी होय. विदर्भ व मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडी शक्यतो सावलीत उभी करावी. रोजच्या वापरात बॅटरी २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी आणि जलद चार्जरचा वापर प्रवासापुरता करावा. निकामी बॅटरी उकिरड्यावर जाऊ नये यासाठी केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू केले असून ती परत घेऊन पुनर्वापरास देण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

आग आणि पाऊस

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेवर चालणाऱ्या काही दुचाकींनी पेट घेतला आणि लोकांच्या मनात भीती बसली. बॅटरीतील एखादा घट आतून बिघडून तापला की त्याची उष्णता शेजारच्या घटांकडे पसरते. अशी आग विझविण्यास फार पाणी लागते आणि विझल्यावरही ती पुन्हा भडकू शकते. या घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षा मानकांत सुधारणा करण्यात आली आणि कडक चाचण्या डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. पेट्रोल हे स्वतःच ज्वालाग्राही असल्याने पेट्रोलच्या गाड्याही आगीपासून मुक्त नाहीत, हे येथे ध्यानात ठेवावे.

मालकाच्या हाती असलेली दक्षता सोपी आहे. कंपनीने मान्य केलेलाच चार्जर वापरावा, बाजारातील दिवे व भोंगे बसविण्यासाठी मूळ तारा कापू नयेत आणि अपघातात गाडीच्या तळाला मार बसला असल्यास तपासणीवाचून ती चार्ज करू नये. आग लागल्यास दूर जाऊन अग्निशमन दलाला कळवावे आणि गाडी विजेवरची असल्याचे आवर्जून सांगावे.

पावसात गाडी चालविण्यास हरकत नाही. बॅटरीची पेटी जलरोधक असते. आयपी ६७ हा दर्जा असलेली पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल, अशी चाचणी केलेली असते. पण ही तरतूद अपघाती प्रसंगासाठी आहे. कोकणातील किंवा अन्य भागांतील पूर आलेल्या फरशीवरून गाडी घालणे कोणत्याही वाहनाने करू नये. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी तज्ज्ञाने तपासल्याशिवाय सुरू करू नये.

खर्चाचा हिशेब

शंभर किलोमीटरसाठी चार्जिंगमधील घट धरून सुमारे १७ युनिटे वीज लागते असे मानू. घरी युनिटला १२ रुपये पडले, तर खर्च २०४ रुपये येतो. लिटरला १५ किलोमीटर चालणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला १०४ रुपये दराने तेवढ्याच अंतरासाठी सुमारे ६९३ रुपये लागतात. म्हणजे शंभर किलोमीटरमागे ४९० रुपयांची बचत होते. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल, तर वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्याचा तो फरक पाच वर्षांत भरून निघतो. वर्षाला ५,००० किलोमीटरच फिरणाऱ्याला त्यासाठी बारा वर्षे थांबावे लागेल आणि तोवर बॅटरीची हमीही संपलेली असेल. घरी चार्जिंगची सोय नसून बाहेर युनिटला २० रुपये मोजावे लागले, तर बचत साडेतीनशे रुपयांवर येते. अशा वेळी कमी फिरणाऱ्याने घाई न करणेच शहाणपणाचे ठरेल.

वीज कोळशाचीच ना?

देशातील बरीचशी वीज अद्याप कोळशापासून निर्माण होते, हे खरे आहे. एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने १७ युनिटांमागे सुमारे १२ किलो, तर तेवढ्याच अंतरासाठी जळणाऱ्या पेट्रोलमधून सुमारे १५ किलो वायू बाहेर पडतो. बॅटरी तयार करतानाही प्रदूषण होतेच. म्हणजे आजचा लाभ मर्यादित आहे. परंतु शाळेसमोर, दवाखान्यासमोर व बाजारपेठेत धूर होत नाही आणि सौर विजेचा वाटा वाढेल तसतशी तीच जुनी गाडी अधिक स्वच्छ होत जाते. पेट्रोलच्या गाडीच्या बाबतीत असे घडत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावरील तीन किलोवॉटच्या सौर संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. असा संच दिवसाला सुमारे १२ युनिटे वीज देतो. सत्तर किलोमीटरच्या प्रवासाला ती पुरेशी आहे.

स्थानिक संस्थांचे काम

सार्वजनिक चार्जिंगसाठी विद्युत कायद्याखालील परवान्याची गरज नाही, असे केंद्र शासनाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे ग्रामपंचायत, शाळा, पंचायत समिती वा प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या आवारात मीटरसह १५ अँपिअरचे दोन-तीन प्लग बसविणे हे फार मोठे काम नव्हे. दिवसभर तेथे उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या गाड्या छतावरील सौर विजेवर चार्ज होऊ शकतील आणि ज्यांच्या घरी जागा नाही त्यांनाही ही सोय मिळेल. अर्थिंगची वर्षातून एकदा तपासणी, युनिटनिहाय आकारणी आणि जवळच अग्निशामक साधन एवढी व्यवस्था ठेवली म्हणजे झाले.

रोजचा प्रवास ठरलेला, गाडी उभी करण्यास स्वतःची जागा आणि तेथे भरवशाची वीज, या तीन गोष्टी ज्याच्यापाशी आहेत त्याने विजेच्या गाडीबद्दल फारशी चिंता बाळगण्याचे कारण नाही. ज्याच्यापाशी पहिली आहे पण उरलेल्या दोन नाहीत, त्याची अडचण गाडीच्या कारखान्यात सुटणार नाही. ती गावाच्या व नगराच्या कारभारातच सुटावयाची आहे.